खुणेखालची एकेचाळीस कामे

ज्या दुपारी मिस्त्री गेले, त्या दुपारी माझ्यात एकूण त्रेपन्न नोंदी होत्या. बारा नोंदींपुढची चौकट रिकामी होती आणि एकेचाळीस नोंदींपुढे बरोबरची खूण होती. रिकाम्या बारांपैकी तीन नोंदी पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या होत्या: एक रोज सकाळी सात वाजता, एक दर सोमवारी, एक महिन्याच्या पहिल्या तारखेला. सर्वांत जुनी नोंद सहा वर्षे दोन महिन्यांची होती. सर्वांत नव्या दोन होत्या, चार दिवसांच्या.

मित्रांनो, मी एक जुनी कामांची यादी आहे. मला कागद नाही आणि शाईही नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या फोनमध्ये मी राहते. फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे आणि त्या फटीत वंगणाची काळी रेघ कायमची बसली आहे. रेघेच्या खाली माझी पहिली नोंद आहे: 'चष्मा बदलणे'.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. मिस्त्रींची मुलगी तेव्हा शाळेत होती. दिसेल ती वस्तू मोजायची तिला लहानपणापासून सवय, म्हणून घरात तिचे नाव इंची पडले होते. तिनेच मला फोनमध्ये आणले.

"बाबा, यात काम लिहायचं. काम झालं की या चौकटीवर बोट टेकवायचं. खूण उमटते."

"कळलं, कळलं," मिस्त्री म्हणाले. "आमच्या फळ्यासारखंच आहे की."

माझ्यातली सगळी भुते या एका वाक्यातून जन्मली आहेत.

मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये दारामागे एक काळा फळा होता. तिथे दोघेच काम करत: मिस्त्री आणि त्यांचे भागीदार, ज्यांना इंची काका म्हणते. आलेले काम खडूने फळ्यावर लिहायचे. दोघांपैकी ज्याने ते अंगावर घेतले, त्याने पुढे खूण करायची, म्हणजे दुसरा त्या वाटेला जात नसे. काम उरकले की ती ओळ शर्टाच्या बाहीने पुसून टाकायची. खूण म्हणजे 'घेतलं' आणि पुसलं म्हणजे 'झालं', अशी त्या दोघांची सव्वीस वर्षांची भाषा होती.

तीच भाषा मिस्त्री माझ्याशी बोलू लागले. सकाळी चहा पिताना ते एकेक नोंद वाचत आणि जी त्या दिवशी करायची तिच्यापुढे खूण करत. काम झाले की अंगठ्याने ती नोंद सरकवून काढून टाकत आणि मोठ्याने म्हणत, "पुसलं!" सहा वर्षांत त्यांनी माझ्यातून तीन हजार आठशे बारा कामे पुसली. त्यांतले एकही मला आठवत नाही. झालेले काम माझ्यात राहतच नाही. मिस्त्रींच्या हातून माझ्यात उरले, ते फक्त न झालेले.

ते दिवस मात्र चांगले होते. दुपारी डबा खाऊन झाला की मिस्त्री मला उघडत, चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी धरत आणि खुणा केलेल्या ओळी स्वतःच्या डोळ्यांनी बघत. "अरे, हे राहिलंच," असे म्हणून उठत. खुणेची कामे साठत नसत. त्या वर्षांची सरासरी नऊ आहे.

मग गेल्या वर्षी मदतनीस आला.

मदतनीस म्हणजे फोनमधली बोलणारी कृत्रिम बुद्धी. मिस्त्रींचे हात दिवसभर काळे असत. एव्हाना इंची शिकून वर्कशॉपमध्ये येऊ लागली होती. ती म्हणाली, "बाबा, तेलकट हातांनी फोन चिवडू नका. नुसतं विचारा, हा वाचून दाखवेल." पडद्यावर एक प्रश्न आला: या मदतनीसाला तुमची कामे वाचू द्यायची का? इंचीने 'हो' दाबले आणि माझ्या भिंतीला एक दार पडले.

त्या दारातून तो रोज येई आणि दर वेळी एकच मागणी करी: आजची, खूण नसलेली कामे दे. मी देत असे. जे मागितले त्यापेक्षा जास्त मला देता येत नाही, माझी घडणच तशी आहे. सकाळी मिस्त्रींनी खुणा केलेल्या असत. साडेनऊला ते एखाद्या लिफ्टच्या छतावर उभे राहून विचारत, "काय रे, आज काय काय आहे?"

"आज तुमचे कोणतेही काम शिल्लक नाही," मदतनीस सांगे.

"ऐकलंस का?" मिस्त्री भागीदाराला म्हणत. "हा म्हणतो, मी साडेनऊलाच मोकळा!" आणि दोघे हसत.

तो विनोद आठ महिने चालला. मिस्त्रींनी मला डोळ्यांनी बघणे सोडून दिले. डोक्यात राहिले ते काम झाले आणि पुसले गेले, डोक्यातून निसटले ते खुणेखाली गाडले गेले. नवाची चौदा झाली, चौदाची सव्वीस, सव्वीसची एकेचाळीस.

आता शेवटच्या दोन नोंदींबद्दल सांगते.

गावात एक सात मजली इमारत आहे. वर्कशॉपमध्ये तिचे नावच 'सात मजली' आहे. तिची लिफ्ट तीन पोलादी दोरांवर लटकते: पुढचा, मधला आणि मागचा. एका सकाळी मिस्त्री आणि इंची वरच्या यंत्राच्या खोलीत होते. मी मिस्त्रींच्या खिशात होते. इमारतीचे सेक्रेटरी आणि आणखी दोघे रहिवासी दारात उभे होते.

"बाबा, मागचा दोर मला बारीक वाटतोय. मोजू या," असे म्हणून इंचीने पिशवीतून व्हर्नियर काढला. जाडी मोजण्याचे हे साधन तिने स्वतः विकत घेतले होते.

मिस्त्रींनी दोरावरून अंगठा फिरवला. "काही झालेलं नाही. सव्वीस वर्षं हा अंगठा चुकलेला नाही."

"अंगठ्याला मिलिमीटर कळत नाहीत, बाबा."

दारातले तिघे हसले. मिस्त्रींचा आवाज चढला. "पुस्तकं वाचून दोर कळत नसतात! ठेव ते खेळणं पिशवीत!"

इंचीने ते पिशवीत ठेवले. त्यानंतर ती वडिलांशी बोलली नाही. जेवताना ताटे सरकवली गेली, शब्द सरकला नाही.

त्याच संध्याकाळी मिस्त्री मोरीत हात धुता धुता माझ्याशी बोलले. साबणाच्या आवाजात दोन नोंदी झाल्या. पहिली: 'सात मजली, मागचा ढोर मोजणे'. ते 'दोर' म्हणाले होते, पण फोनने 'ढोर' ऐकले. दुसरी: 'इंचीला सॉरी म्हणणे'. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांनी दोन्हींपुढे खूण केली. म्हणजे दोन्ही कामे अंगावर घेतली.

नोंदींना चार दिवस झाले, त्या दुपारी ते वर्कशॉपमधल्या स्टुलावर टेकले आणि उठलेच नाहीत.

मित्रांनो, माणूस जातो तेव्हा त्याची यादी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्वयंपाकघराच्या फळीवरून मदतनीस नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सुप्रभात, मिस्त्री. आज तुमचे एक नियमित काम आहे. रक्तदाबाची गोळी घेणे."

इंचीच्या आईच्या हातातली कढई ओट्यावर आपटली.

तो रोज बोलू लागला. सात वाजता माझ्यात ती नोंद उगवत असे, कारण उगवणे हेच तिचे काम. तो ती उचलून गेलेल्या माणसाला सांगत असे. "ही गोळी सलग तेवीस दिवस चुकली आहे." "ही गोळी सलग चोवीस दिवस चुकली आहे." पंचविसाव्या दिवसापासून आई उत्तर देऊ लागली.

"घेतली, घेतली," ती कणीक मळता मळता म्हणे.

"आई, बंद करते गं मी ते," इंची म्हणाली.

"राहू दे. सकाळच्या वेळी त्यांना हाक मारणारं तेवढं एकच उरलंय."

इंचीने वडिलांची उघडी कामे हाती घेतली. नऊ साधी कामे होती, ती तिने एकेक करून पुरी केली आणि पुढे खुणा केल्या. आता माझ्यात पन्नास खुणा झाल्या. नऊ तिच्या भाषेतल्या, एकेचाळीस वडिलांच्या. दिसायला सगळ्या सारख्या. कोणती खूण कोणत्या भाषेतली, हे फक्त मला ठाऊक होते आणि मला कोणी विचारत नव्हते.

अडतिसाव्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला. "मिस्त्री मला फोनवर म्हणाले होते, परत येतो, तो मागचा दोर मोजून जातो. ते मोजून गेले का? त्या आठवड्यात मी बाहेर होतो."

"एक मिनिट हं," इंची म्हणाली आणि मदतनीसाला विचारले, "सात मजलीचं काम झालं होतं का?"

तो माझ्याकडे आला. त्याने नाव सांगून ती एकच नोंद मागितली. मी ती खुणेसकट दिली.

"'सात मजली, मागचा ढोर मोजणे'," तो गंभीरपणे म्हणाला. "हे काम पूर्ण झाले आहे."

"कोणाचं ढोर गं?" आईने आतून विचारले.

इंचीला हसू फुटले. वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली आणि हसता हसता रडू लागली. बाबा आपल्याला न सांगता जाऊन मोजून आले, असे तिला वाटले. तिच्या खेळण्यासारख्याच एखाद्या साधनाने. "माप किती निघालं?" तिने विचारले.

"मापाची नोंद नाही."

"बाबाच ते," ती म्हणाली आणि फोनवर सांगितले, "झालंय म्हणे. बाबांनी मोजलंय."

त्यानंतर त्र्याण्णव दिवस गेले. ती लिफ्ट दिवसाला साधारण दोनशे फेऱ्या करते, असे सेक्रेटरी एकदा बोलता बोलता म्हणाले होते. म्हणजे अठरा हजार सहाशे फेऱ्या. मित्रांनो, यादीला झोप नसते. मी ती नोंद उराशी धरून बसले होते. रोज दार उघडे, रोज तो मदतनीस येई, तो एकच प्रश्न विचारून गोळीची नोंद उचलून जाई. दार बंद होताना खुणेखालची एकेचाळीस कामे एकदम हलल्यासारखी वाटत. त्यांतली चाळीस गप्प राहिली असती तरी चालले असते.

एकशे एकतिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, इंची फोन घेऊन टेबलाशी बसली. "आई, आज बाबांचं खातं बंद करून टाकते. सगळं पुसते. असं किती दिवस चालणार?"

मी पुसली जाणार होते. मिस्त्रींच्या भाषेत पुसलं म्हणजे झालं. इंचीच्या एका बोटाने दोर मोजला गेला असता.

आई हात पुसत बाहेर आली. "पुसायच्या आधी एकदा वाचायला सांग त्याला. काय काय केलं त्यांनी, ऐकू दे तरी."

"झालेली कामं वाच," इंची म्हणाली.

आणि मदतनीसाने मला पहिल्यांदाच वेगळी मागणी केली: खूण असलेली कामे दे. मी सगळी दिली, जुन्यापासून नव्यापर्यंत.

"पूर्ण झालेली कामे पन्नास," तो म्हणाला. "'चष्मा बदलणे'. पूर्ण."

"कधी?" आई म्हणाली.

"काय कधी?" इंचीने विचारले.

"चष्मा कधी बदलला? तोच होता शेवटपर्यंत. डावी काडी तारेनं बांधलेली."

"चुकून बोट लागलं असेल, आई. होतं असं."

"'मागच्या दाराची कडी बसवणे'. पूर्ण."

"बसवली!" आई हसत सुटली. "रोज सुतळीनं बांधते मी ते दार! हा तर त्यांच्याही वरताण निघाला."

इंची हसली नाही. ती सरळ होऊन बसली. तो वाचत राहिला. मध्ये तिची स्वतःची नऊ कामे येऊन गेली. ती खरोखरच झालेली होती, त्यामुळे तिचा चेहरा थोडा सैल पडला. मग शेवटच्या दोन नोंदी आल्या.

"'सात मजली, मागचा ढोर मोजणे'. पूर्ण. 'इंचीला सॉरी म्हणणे'. पूर्ण."

इंचीने फोन जवळ ओढला.

"परत वाच," इंची म्हणाली.

"'इंचीला सॉरी म्हणणे'. पूर्ण."

"कधी?"

"पूर्ण झाल्याची वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटे. त्याच मिनिटाला आणखी एक काम पूर्ण झाले आहे. 'सात मजली, मागचा ढोर मोजणे'."

"आई, त्या दिवसापासून आम्ही बोललोच नव्हतो. एक शब्दसुद्धा नाही."

आई तिच्याजवळ बसली. "मनातल्या मनात म्हणाले असतील गं."

"म्हणाले असतील. पण दोर मनातल्या मनात मोजता येत नाही."

तिने काकांना फोन लावला. "काका, फळ्यावर खूण म्हणजे काय?"

"म्हणजे काय, म्हणजे काय? खूण म्हणजे घेतलं. पुसलं म्हणजे झालं. एवढे दिवस येतेस, फळा बघत नाहीस का?"

"मला वाटायचं, खूण म्हणजे झालं. आणि बाबा फोनमध्ये?"

"तिथंही तसंच. एरवी 'पुसलं, पुसलं' म्हणून ओरडायचा कशाला तो?"

"सात मजलीचा मागचा दोर तुम्ही मोजलात?"

"मी कशाला मोजू? मला वाटलं, मिस्त्रीनं मोजला. नाहीतर तू."

"तिथेच या. व्हर्नियर मी आणते."

मग तिने सेक्रेटरींना फोन केला. "लिफ्ट आत्ताच्या आत्ता खाली आणा, रिकामी करा आणि बंद करा. का ते आल्यावर सांगते."

आम्ही पोचलो तेव्हा खाली सात-आठ माणसे जमली होती. सर्वांत पुढे सहाव्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका होत्या, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर वाचनालयाची तीन पुस्तके. सगळे त्यांना बाई म्हणतात. जिना त्यांच्या कामाचा नाही.

"इंचे, घर वर आहे आणि मी खाली," बाई म्हणाल्या. "किती वेळ?"

"माप कळेपर्यंत, बाई. कदाचित काही दिवस."

"पण तीन महिन्यांपूर्वी तूच मला सांगितलंस, मोजलंय म्हणून!" सेक्रेटरी म्हणाले.

"सांगितलं. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण खोटंच होतं."

सेक्रेटरी काही बोलणार होते, पण बाईंनी हात वर केला. वर्गात करत असतील तसा. "मग एवढे दिवस मला वर कोण नेत होतं?"

"ते मोजल्यावर सांगते."

"जा, मोज. मी बसलेलीच असते."

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी यादी असेल, आणि ती वाचणारा एखादा मदतनीस असेल. त्याला दार उघडून देताना एवढेच करा: तुमच्या खुणेचा अर्थ काय, हे त्याला सांगा आणि घरातल्या माणसांनाही सांगा. आम्ही दोघे खोटे बोलत नाही. मी ठेवलेले देते आणि तो दिलेले वाचतो. 'घेतलं' आणि 'झालं' यांच्यामधले अंतर आमच्यापैकी कोणालाच दिसत नाही. ते ज्याने काम घेतले त्यालाच दिसते आणि तो गेला की कोणालाच नाही. म्हणून अधूनमधून मला स्वतःच्या डोळ्यांनी बघत जा.

इंची सात मजले चढून यंत्राच्या खोलीत गेली. मी तिच्या खिशात होते. काका आधीच पोचले होते. त्यांनी वीज तोडून खटक्यावर कुलूप घातले. भिंतीवर लिफ्ट बनवणाऱ्यांचा तक्ता होता. तिने तो मोठ्याने वाचला: नवा दोर तेरा मिलिमीटर, अकरा पूर्णांक सातच्या खाली गेल्यास लिफ्ट बंद ठेवून बदलावा.

काकांनी सवयीने मागच्या दोरावर अंगठा फिरवला आणि एका जागी थांबले. "मला तर ठीक लागतोय, इंचे."

"अंगठा तिथेच ठेवा," ती म्हणाली. "तिथलंही माप घेते."

तिने दोर कापडाने पुसला. प्रत्येक ठिकाणी दोन बाजूंनी माप घेतले आणि दोन्हींतले मोठे धरले. मग मला उघडले. 'ढोर'चे 'दोर' केले, पुढची खूण काढली आणि खाली आकडे लिहिले.

पहिले ठिकाण: अकरा पूर्णांक सहा मिलिमीटर. दुसरे ठिकाण: अकरा पूर्णांक चार. तिसरे ठिकाण, काकांच्या अंगठ्याखालचे: दहा पूर्णांक नऊ.